घरची गोधडी : परिसर अभ्यासाचा एक पाठ
(इयत्ता चौथी व पाचवीच्या शिक्षकांसाठी)



परिसर अभ्यासाचा पाठ घेताना आपण मुलांस नेहमी सांगतो की, घरातील एखादी जुनी वस्तू घेऊन या. मग कोणी तांब्याचा गडू आणतो, कोणी अडकित्ता, कोणी भोकाचा पैसा. या वस्तू टेबलावर मांडल्या जातात, त्यांची नावे फळ्यावर लिहिली जातात, आणि घंटा वाजते. पाठ झाला असे आपणांस वाटते. परंतु तो खरोखर झाला काय, हा प्रश्न स्वतःस विचारून पाहण्यासारखा आहे.

खालापूर तालुक्यातील एका लहानशा शाळेत असाच एक पाठ घेत असताना प्रस्तुत लेखकास जो अनुभव आला, तो आधी सांगतो. सर्व मुलांनी आपापल्या वस्तू दाखविल्या. एक मुलगी मात्र पिशवी मांडीवर घट्ट धरून बसून राहिली. शाळा सुटल्यावर ती जवळ आली व हळूच म्हणाली, "गुरुजी, मी पण आणलीय. पण ती चांगली नाही." पिशवीतून तिने एक गोधडी काढली. ठिकठिकाणी विटलेली, एका कडेस उसवलेली, परंतु स्वच्छ धुतलेली. मी ती ओसरीवर पसरली आणि विचारले, "हा हिरवा तुकडा कशाचा?" ती म्हणाली, "आजीच्या लुगड्याचा." "आणि हा?" "हे बाबांचं झबलं." असे तिने पाच तुकडे ओळखले. वरच्या बाजूस एकंदर चौतीस तुकडे होते. बाकीच्यांविषयी ती म्हणाली, "ते आजीला ठाऊक."

दुसऱ्या आठवड्यात आजीबाईंस शाळेत बोलावले. त्या आल्या, भिंतीशी बसल्या, गोधडी मांडीवर घेतली, आणि एकेका तुकड्यावर बोट ठेवून सांगू लागल्या. हे सासूबाईंचे लुगडे, हा नणंदेच्या लग्नातला खण, हे धोतर ज्या वर्षी विहीर खणली त्या वर्षीचे. मुले लिहून घेत होती. एका लहानशा पांढऱ्या तुकड्यावर त्यांनी क्षणभर तळहात ठेवला व काही न बोलता पुढच्या तुकड्याकडे वळल्या. एका मुलाने विचारण्यासाठी तोंड उघडले. मी त्यास नजरेने थांबविले. वहीत त्या तुकड्यापुढे मुलांनी 'सांगितले नाही' एवढेच लिहिले.

पुढच्या पावसाळ्यात आजीबाई वारल्या. त्यांच्याबरोबर त्या चौतीस तुकड्यांची ओळखही गेली असती. परंतु ती एका चौथीच्या वर्गाच्या वहीत राहिली. ही वही आता त्या घरी गोधडीच्या घडीतच ठेवलेली असते. हा पाठ का घ्यावा, याचे याहून अधिक कारण सांगण्याची आवश्यकता वाटत नाही. तो कसा घ्यावा, एवढेच पुढे मांडीत आहे.

१. पाठाचा हेतू

(अ) टाकाऊ वाटणाऱ्या वस्तूतून उपयुक्त व सुंदर वस्तू कशी निर्माण होते, हे मुलांस प्रत्यक्ष दाखविणे. (आ) घरातील वडीलधाऱ्यांस ऐकून त्यांचे सांगणे नोंदवून ठेवण्याची सवय लावणे. (इ) भाषा, गणित, विज्ञान व भूगोल या विषयांचा एकाच वस्तूशी समवाय साधणे. (ई) श्रमाविषयी व साधेपणाविषयी आदर निर्माण करणे.

२. पूर्वतयारी

एक जुनी गोधडी, शक्य असल्यास एक अर्धवट शिवलेली गोधडी, सुई-दोरा, मोजपट्टी, दोन सारखे पेले व कोमट पाणी, आणि तालुक्याचा नकाशा एवढे साहित्य पुरे आहे.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे अगत्याचे वाटते. प्रत्येक मुलाने गोधडी आणलीच पाहिजे, अशी सक्ती करू नये. काही घरी एकच गोधडी असते व ती रात्री लागते. काही घरी ती नसतेही. शिक्षकाने प्रथम आपल्या स्वतःच्या घरची गोधडी आणावी, ती जुनी व ठिगळांची असावी, आणि तिच्याविषयी आपण स्वतः बोलावे. शिक्षकाने आपले ठिगळ आधी दाखविले म्हणजे मुलास आपले दाखविण्यास संकोच वाटत नाही.

पाठाची वेळही विचारपूर्वक ठरवावी. आपल्या कर्जत-खालापूर भागातील कातकरी कुटुंबांपैकी अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांच्या कामास बाहेरगावी जातात व पावसाच्या तोंडावर परततात. त्यांच्या बोचक्यात गोधडीही जाते. म्हणून हा पाठ दिवाळीच्या सुटीपूर्वी घ्यावा. अन्यथा ज्या मुलांची गोधडी सर्वांत अधिक प्रवास करते, तीच मुले या पाठास मुकतील.

३. गोधडी कशी होते?

प्रथम मुलांकडून माहिती काढून घ्यावी. आपण सांगण्याची घाई करू नये. पुढील क्रम त्यांच्याच उत्तरांतून फळ्यावर यावा.

जुनी सुती लुगडी, धोतरे, सदरे व चोळ्या स्वच्छ धुऊन वाळवितात. शिवण उसवून कापड सपाट करतात. खालचे धडके कापड, म्हणजे अस्तर, जमिनीवर ताणून पसरतात व कोपऱ्यांवर वजन ठेवतात. त्यावर जीर्ण झालेले कापड थरांनी लावतात. सर्वांत वर निवडक, रंगीत व त्यातल्या त्यात मजबूत तुकडे येतात. मग कडेपासून धावदोऱ्याचे टाके घालीत घालीत मध्याकडे जातात. शेवटी कडेस पट्टी लावून ती पक्की करतात.

हे काम शेतीची कामे उरकल्यावर, पावसाळ्यापूर्वीच्या मोकळ्या दिवसांत, बहुधा दुपारच्या वेळी चालते. मोठी गोधडी असली तर शेजारणी दोन्ही बाजूंनी बसतात. टाके एकीचे लहान, दुसरीचे मोठे असतात. जाणकार बाई पाठीमागून पाहून कोणती ओळ कोणी घातली हे सांगते. हस्ताक्षरावरून जसा लिहिणारा ओळखावा, तसाच हा प्रकार होय.

कापडाची निवड हा यातील महत्त्वाचा भाग आहे, ही गोष्ट मुलांच्या लक्षात आणून द्यावी. वारंवार धुतलेले सुती कापड मऊ होते व घाम शोषून घेते. म्हणूनच तान्ह्या बाळाच्या दुपट्यासाठी नवे कापड न घेता आजीचे जुने लुगडे घेतात. हल्लीच्या कृत्रिम धाग्याच्या साड्या टिकाऊ असल्या तरी घाम शोषीत नाहीत व थरात सरकतात; त्यामुळे त्यांची गोधडी शिवणे अवघड जाते. गोधड्या कमी होण्याचे एक कारण हेही आहे.

४. भाषा

गोधडीभोवती आपल्या भाषेतील शब्दांचा केवढा संसार आहे, तो मुलांसमोर मांडावा. अस्तर, ठिगळ, चिंधी, काठ, पदर, खण, धावदोरा, उसवणे, सांधणे, रफू करणे हे शब्द मुलांनी वाक्यांत योजावेत. दुपटे म्हणजे दोन पदरांचे व चौघडी म्हणजे चार पदरांचे पांघरूण, हे सांगितले म्हणजे शब्दातच मोजदाद कशी दडलेली असते हे मुलांस कळून येते. घाटावर अनेक ठिकाणी गोधडीस वाकळ म्हणतात, हेही सांगावे.

म्हणींपैकी 'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही मुलांस ठाऊक असते. परंतु वर्गात एक लहान दुपटे अंथरून एखाद्या मुलास त्यावर निजण्यास सांगावे, म्हणजे म्हणीचा अर्थ हशाच्या लाटेबरोबर मनात बसतो. 'आभाळ फाटले तर ठिगळ कोठे कोठे लावावे' ही म्हण वरच्या वर्गासाठी ठेवावी.

५. गणित

लुगडे नऊ वारांचे. एक वार म्हणजे ३ फूट. म्हणून लुगड्याची लांबी २७ फूट, म्हणजे सुमारे ८ मीटर २३ सेंटिमीटर. त्याची चौघडी घातली तर प्रत्येक पदराची लांबी ६ फूट ९ इंच होते. मोठ्या माणसास पायांपासून डोक्यापर्यंत पुरेल एवढेच हे माप आहे. एका लुगड्याची एक चौघडी, हा हिशेब शाळेत न गेलेल्या स्त्रियांनी हाताने घडी घालून बसविला, ही गोष्ट मुलांच्या नजरेस अवश्य आणावी.

आता टाक्यांचा हिशेब करू. गोधडीची लांबी ८१ इंच व रुंदी ४५ इंच आहे. टाक्यांच्या सरळ ओळी एकेक इंच अंतरावर असून अशा ४५ ओळी आहेत. आणि एका इंचात दोन टाके येतात, असे धरू. ४५ ओळींची एकंदर लांबी ३,६४५ इंच, म्हणजे साडेब्याण्णव मीटरच्या जवळपास होते. टाके होतात ७,२९०. मिनिटाला दहा टाके घातले तर ७२९ मिनिटे, म्हणजे १२ तास ९ मिनिटे लागतील. रोज दुपारी एक तास मिळाला तर गोधडी तेराव्या दिवशी पुरी होईल. आणि यात कापड धुणे, उसवणे, थर लावणे व सुईत दोरा ओवणे यांचा वेळ धरलेला नाही.

हे उदाहरण सोडवून झाल्यावर एका मुलीने प्रश्न केला, "गुरुजी, मग बाजारात गोधडीची किंमत कशावरून ठरवायची?" या प्रश्नाचे उत्तर शिक्षकाने लगेच देऊ नये. मुलांनी एका तासाची मजुरी विचारून यावी व स्वतःच हिशेब मांडावा.

६. विज्ञान

दोन सारख्या पेल्यांत सारखेच कोमट पाणी ओतावे. एकाभोवती कापडाचा एक पदर व दुसऱ्याभोवती चार पदर गुंडाळावेत. दोहोंवर झाकणी ठेवावी. वीस मिनिटांनी मुलांनी पाण्यात बोट बुडवून पाहावे. तापमापक असल्यास उत्तमच. चार पदरांतील पाणी अधिक ऊन राहते.

याचे कारण असे की, पदरांच्या मध्ये हवा कोंडली जाते, आणि स्थिर हवा ही उष्णतेची दुर्वाहक आहे. गोधडी स्वतः ऊब निर्माण करीत नाही. आपल्या अंगचीच ऊब ती बाहेर जाऊ देत नाही. गोधडी भिजली म्हणजे हवेची जागा पाणी घेते व तिची ऊब नाहीशी होते. म्हणून सह्याद्रीच्या पायथ्याच्या आपल्या मुसळधार पावसाच्या मुलखात ती पावसाळ्यापूर्वी धुऊन, कडक उन्हात वाळवून कोरड्या जागी ठेवतात. धुण्याने व उन्हाने तिची स्वच्छता राखली जाते, हे आरोग्याच्या पाठाशी जोडून घ्यावे.

७. भूगोल व इतिहास

आता नकाशा भिंतीवर लावावा. मुलांस विचारावे, "गोधडीतील कापड आपल्या गावी आले कोठून?"

मुंबईची पहिली कापूसगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली स्थापन केली व १८५६ साली तिच्यात सूत निघू लागले. त्याच १८५६ साली आगगाडी खोपोलीपर्यंत येऊन पोहोचली. पुढे १८६३ साली बोरघाटातून लोहमार्ग सुरू झाला व मुंबई-पुणे जोडले गेले. देशावरचा कापूस या मार्गाने मुंबईस उतरू लागला व गिरण्यांतील सूत आणि कापड गावोगाव जाऊ लागले.

याहून आपल्या जवळची गोष्ट खोपोलीची आहे. लोणावळा, वळवण व शिरवटा येथील तलावांचे पाणी घाटमाथ्यावरून नळांतून खाली खोपोलीस आणून तेथे टाटांनी वीज निर्माण केली. १९१५ साली ही वीज मुंबईस जाऊ लागली, आणि तिचे पहिले मोठे ग्राहक म्हणजे तेथील कापडगिरण्या होत्या. वीज निर्माण करून झाल्यावर हे पाणी पाताळगंगेस मिळते. म्हणजे आमच्या डोंगरावरच्या पाण्याने मुंबईचे माग चालले. त्या मागांवरचे कापड बाजारातून आमच्या घरी आले. वापरून जुने झाले, त्याची गोधडी झाली. आणि ती गोधडी धुण्यास आमच्या मायभगिनी पाताळगंगेवर आल्या. त्याच पाण्याने आरंभ व त्याच पाण्याने शेवट! मुलांनी हे चक्र नकाशावर रंगीत दोऱ्याने दाखवावे.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. त्यानंतरच्या वर्षांत बहुतेक गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. कोकणातील असंख्य घरांतील माणसे त्या गिरण्यांत काम करीत होती. आपल्या घरी कोणी गिरणीत होते काय, हे मुलांनी घरी विचारावे. एखाद्या गोधडीत गिरणीतून आलेल्या कापडाचा तुकडा अजून असेल.

८. शेत आणि वस्त्र

भाद्रपदात एखाद्या टेकडीवर मुलांस नेऊन खालची भातखाचरे दाखवावीत. लहानमोठी खाचरे, मध्ये बांध, कोठे गर्द हिरवा तर कोठे पोपटी रंग. वर्गातील बहुतेक मुले आपण होऊन म्हणतात की, ही गोधडीच दिसते.

ही उपमा फार प्राचीन आहे. बौद्ध भिक्षूंच्या नियमांचे जे 'विनयपिटक' त्यात अशी कथा आहे की, भगवान बुद्धांनी प्रवासात मगध देशाची बांध घातलेली शेते पाहिली व आनंदास विचारले की, भिक्षूंचे चीवर असे करता येईल काय? आनंदाने कापडाचे तुकडे त्या शेतांप्रमाणे जोडून चीवर सिद्ध केले. भिक्षूंची चीवरे टाकून दिलेल्या चिंध्यांचीही असत. जे लोकांनी टाकले ते स्वच्छ धुऊन, सांधून अंगावर घेणे यात कमीपणा नाही, हा विचार त्यात आहे. आपल्या महाराष्ट्रात गाडगे महाराजांनी चिंध्या जोडलेले वस्त्र पांघरून, हाती झाडू घेऊन गावे स्वच्छ केली व मुलांस शाळेत घाला असे लोकांस सांगितले, हेही येथे सांगावे. जी मुलगी आपली गोधडी पिशवीत लपवून बसते, तिच्यापर्यंत ही गोष्ट पोहोचली पाहिजे.

९. इतर प्रदेशांत

आपल्याच गावी हे होते असे मुलांस वाटू नये. बंगालमध्ये जुन्या साड्यांचे थर शिवून कांथा करतात. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाजाच्या स्त्रिया कवंदी शिवतात. तिच्या चारी कोपऱ्यांवर त्रिकोणी घड्यांची 'फुले' लावल्यावाचून ती पुरी झाली असे त्या मानीत नाहीत. अमेरिकेतील अलाबामा राज्यात गीज बेंड या वस्तीतील कृष्णवर्णीय स्त्रियांनी शेतावर घालून झिजलेल्या कपड्यांच्या गोधड्या शिवल्या. त्यांचे पूर्वज गुलाम होते. थंडी निवारण्यासाठी केलेल्या त्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात भिंतीवर लागल्या, व २००६ साली त्यांची चित्रे अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर छापली गेली.

थंड देशांत सुती चिंध्यांऐवजी लोकर उरते. स्वेटर विणून राहिलेल्या लोकरीच्या लहान गुंड्या जपून ठेवतात. क्रोशाच्या आकडीच्या सुईने त्यांचे रंगीबेरंगी चौकोन विणतात, आणि असे अनेक चौकोन जोडून पांघरूण करतात. ते आजीकडून नातीकडे जाते. क्रोशाचे विणकाम आपल्याकडेही अनेक घरांत आहे. त्याचे रुमाल व तोरणे मुलांनी पाहिलेली असतात. एखाद्या घरी असे लोकरीचे पांघरूण असल्यास तेही वर्गात आणावे. कापूस असो की लोकर, उरलेले फुकट जाऊ न देणारा हात सर्वत्र एकच आहे.

१०. नोंदवही

पाठाचा हा शेवटचा, परंतु सर्वांत महत्त्वाचा भाग होय. प्रत्येक मुलाने गोधडीचा एक आराखडा वहीत काढावा, तुकड्यांस क्रमांक द्यावेत, आणि घरातील वडीलधाऱ्यांस पुढील प्रश्न विचारावेत :

(१) हा तुकडा कशाचा व कोणाचा? (२) ते वस्त्र घरी केव्हा आले? (३) गोधडी कोणी, कोठे व कोणाच्या मदतीने शिवली? (४) ती आजवर कोणी कोणी पांघरली? (५) शिवणे आपण कोणाकडून शिकलात?

उत्तरे सांगणाऱ्याच्याच शब्दांत लिहावीत. बोलीतील शब्द 'शुद्ध' करून लिहू नयेत. ज्याविषयी सांगणाऱ्यास बोलावेसे वाटत नाही, ते पुन्हा विचारू नये. ज्या घरी गोधडी नाही, तेथील मुलाने आजीचा पाटा, कोयता, टोपली किंवा जाळे यांविषयी लिहावे. त्याचे मोल तितकेच आहे.

वह्या तपासताना शुद्धलेखनाचे गुण कापू नयेत. वह्या शाळेत न ठेवता मुलांस परत द्याव्यात, कारण त्या घराच्या आहेत.

समारोप

गोधड्या पूर्वीप्रमाणे घरोघर शिवल्या जाव्यात, असा आग्रह धरणे व्यर्थ होय. बाजारात स्वस्त ब्लँकेटे मिळतात, आणि बायकांच्या दुपारीही पूर्वीसारख्या मोकळ्या राहिलेल्या नाहीत. काही ठिकाणी महिला बचत गट गोधड्या शिवून शहरांत विकतात ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु त्या गोधडीतील तुकडा कोणाचा, हे विकत घेणाऱ्यास ठाऊक नसते. घरच्या गोधडीचे वेगळेपण नेमके त्यातच आहे.

ज्या पिढीस ते ठाऊक आहे, ती आज आपल्या शाळेच्या आसपासच ओसरीवर बसलेली आहे. तिला विचारावयाचे असेल तर ते याच वर्षी विचारले पाहिजे. येत्या दिवाळीपूर्वी एक तास या पाठासाठी राखून ठेवावा, एवढीच सर्व शिक्षकबंधुभगिनींस विनंती आहे.